बिनगाठीच्या माश्या

मी काय काम करते हे सांगायचं मी आताशा टाळते. "माश्यांवर संशोधन करते" म्हटलं की समोरचा माणूस आधी आपल्या ताटाकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे माश्या मारायचं औषध वगैरे?" नाही हो. मारायच्या नाहीत, जगवायच्या आहेत. जास्त पिकलेल्या केळ्यावर घिरट्या घालणारी तिळाएवढी माशी असते ना, ती. तिला गाठी होतात, आणि त्या का होतात हे मी अर्धं आयुष्य बघत आले आहे. एवढं सांगेपर्यंत समोरच्याचं लक्ष उडालेलं असतं आणि माझा आवाज चढलेला असतो. राग माझ्या नाकावरच असतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही.

तुम्ही मात्र ऐकून घ्या, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अवघड तर मुळीच नाही.

माशीच्या अळीच्या अंगात रक्ताच्या जागी पाण्यासारखा द्रव असतो, आणि त्यात पहारेकरी पेशी फिरत असतात. गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली एक अगदी चिमुकली जात आहे, नखावर चार-पाच सहज मावतील एवढी. ती अळीला टोचून तिच्या पोटात आपलं अंडं घालते. ते फुटलं की आतलं पिल्लू अळीला आतून खात सुटतं. पण पहारेकरी सावध असले तर ते धावून जातात, अंड्याला चहूकडून बिलगतात, थरावर थर चढवतात, आणि अंडं आतल्या आत गुदमरून काळं पडतं. अळी वाचते. झालं, एवढंच.

आता आमच्या प्रयोगशाळेतलं वाण. त्यातल्या माश्यांत जन्मजात एक दोष आहे. त्यांचे पहारेकरी शत्रू नसतानाच भरमसाट वाढतात, एकमेकांनाच बिलगतात आणि त्यांचे काळे गोळे होतात. अळीच्या कातडीतून ते दिसतात, आणि अळीची माशी झाली तरी तिच्या पोटात काळे ठिपके राहतात. त्या आमच्या गाठी. आमचा प्रश्न असा होता की अशा अळीत गांधीलमाशीने खरंच अंडं घातलं, म्हणजे त्या मोकाट पहारेकऱ्यांना खरा शत्रू मिळाला, तर गाठी कमी होतात का? होत होत्या. माझ्याकडे डॉक्टरेट करणारा एक मुलगा आहे, त्याने हे दाखवलं होतं. त्याला आम्ही शंकासुर म्हणतो. सूर्य उगवला असं सांगितलं तर हा आधी खिडकी उघडून बघेल आणि मग म्हणेल, आज उगवलाय खरा. असा विद्यार्थी भाग्याने मिळतो. रोज सकाळी दारात उभा राहतो तेव्हा मात्र भाग्य वगैरे काही वाटत नाही.

आणि तिसरी माझी ताई.

ताई माझी मोठी बहीण. हयातभर एका छापखान्यात प्रुफं तपासली. डोळा असा की लांबूनसुद्धा चुकीची वेलांटी दिसते. औषधाच्या खोक्यातला कागद वाचून त्यातल्या चुका काढते. तिच्या ऑपरेशनच्या आधी सहीसाठी कागद दिला, तर तिने त्यात दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि मग सही केली. नर्सने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, करू द्या, तिला बरं वाटतं.

ऑपरेशन गाठीचं होतं. छातीतली गाठ. आमची आई याच आजाराने गेली, तेव्हा मी शाळेत होते आणि ताई कॉलेजात. ताईची गाठ वेळेत सापडली, काढली, पुढचे सगळे उपचार झाले, केस गेले, परत आले, कुरळे आले. त्यावरून मी तिला खूप चिडवलं. दोघी एकाच घरात राहतो, दुसरं कोण आहे चिडवायला? भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही.

डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या भेटीत एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, आईला झालं, तुम्हाला झालं, तर हा दोष घराण्यातून चालत आलेला असू शकतो. रक्ताची एक साधी तपासणी असते. जिला आजार झाला तिच्यापासून सुरुवात करावी. दोष निघाला तर मुलीची तपासणी करता येईल, तिच्यावर लवकर लक्ष ठेवता येईल. ताई म्हणाली, बघू.

ताईचं 'बघू' म्हणजे 'नाही'. हे मला लहानपणापासून पाठ आहे.

माझी स्वतःची तपासणी मी लगेच करून घेतली. काही निघालं नाही. पण ताईत काय आहे हे कळेपर्यंत माझ्या त्या 'काही नाही'ला अर्धाच अर्थ होता, कारण घराण्यात मुळात कुठला दोष शोधायचा हेच माहीत नव्हतं. आणि माझं बाजूलाच राहू दे, ताईची मुलगी होती. तिला आम्ही ठेंगू म्हणतो. लहानपणी वर्गात सगळ्यांत पुढे उभी असायची, आता माझ्याहून हातभर उंच आहे. दुसऱ्या शहरात असते, पूल तपासायचं काम करते, दोर लावून पुलाच्या पोटाखाली लोंबकळते आणि भेगा शोधते. अशी तपासणी असते हे ताईने तिला सांगितलंच नव्हतं. मलाही शपथ घातली होती, तू तोंड उघडायचं नाहीस. मी ताकास तूर लागू दिली नाही, पण ठेंगूचा फोन आला की मी तो पटकन ताईच्या हातात द्यायचे. ज्या वयापासून लक्ष ठेवायला हवं, तिचं ते वय सुरू होत होतं. मी ताईला समजावून बघितलं, भांडून बघितलं, चार दिवस अबोला धरून बघितला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अबोला संपला असेल तर पंख्याचं बटण दुरुस्त करायला कोणाला तरी बोलव." शेवटी मी हात टेकले. ते घोंगडं तसंच भिजत पडलं.

घरात एकटी बसून तिचं डोकं फिरेल म्हणून मी तिला प्रयोगशाळेत नेऊ लागले. आमच्याकडे माश्या सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा मिळत नव्हता. काम किचकट, पण कठीण नाही. काचेच्या नळ्यांमध्ये तळाशी मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून ओतलेलं असतं, वर कापसाचा बोळा. माश्या तिथेच खातात, तिथेच अंडी घालतात. ठरावीक दिवसांनी त्यातल्या थोड्या माश्या नव्या नळीत हलवायच्या, म्हणजे वंश पुढे चालू राहतो. त्यांना गुंगीचा वायू देऊन पांढऱ्या पाटीवर पसरायचं, बारीक कुंचल्याने उचलायचं, नव्या नळीत टाकायचं, आणि उरलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत. त्या बाटलीला आम्ही विहीर म्हणतो.

ताईचा हात पहिल्याच आठवड्यात बसला. कुंचल्याने माशी उचलायची ती पंखाला धक्का न लावता. शंकासुर तर तिच्यावर बेहद्द खूश होता. मी निवांत झाले. वर्ष गेलं, त्याच्यावर आणखी काही महिने गेले.

मग एका सकाळी शंकासुर दारात.

"मॅडम, एक शंका आहे."

"तुला शंका नसेल त्या दिवशी सांग, मी सुट्टी जाहीर करते."

तो हसला नाही. म्हणाला, "अंडं घातलेल्या अळ्यांत गाठी कमी आहेत, ते ठीक. पण ज्यांना गांधीलमाशी लागलीच नाही, त्यांच्यातही गाठी दिसत नाहीयेत."

"दिसत नाहीयेत म्हणजे?"

"म्हणजे दहातल्या आठ-नऊ अळ्यांत असायच्या, आता एखाददुसरीत असतात. मी आधीचे आकडे काढून बघितले. हळूहळू उतरत आल्यात. आपल्या लक्षात आलं नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ज्यांच्याशी तुलना करायची त्याच बदलल्या, तर तुलनेला राहिलं काय? त्याचा प्रबंध त्यावर उभा होता. आमचा लेख लिहून तयार होता, पाठवायचाच बाकी होता.

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी प्रयोगशाळा पालथी घातली. हे वाण उबेत जास्त बिघडतं, म्हणून आधी कपाटांचं तापमान तपासलं. बरोबर होतं. खाणं शिजवणाऱ्या बाईंना छळलं, त्या म्हणाल्या, पीठ तेच, साखर तीच, तुमच्या माश्यांचे नखरे वाढलेत. बाहेरची एखादी धडधाकट माशी आत शिरून वाण भेसळ झालं असेल, असं मला वाटलं. हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं संकट. म्हणून आम्ही माश्यांचा तो जनुक वाचून घेतला. दोष जिथल्या तिथे. वाचली त्या प्रत्येक माशीत. भेसळ नाही, काही नाही. दोष आहे आणि गाठी नाहीत.

"मग एकच राहिलं," शंकासुर म्हणाला. "पुढच्या पिढीचे आईबाप कोण निवडतं?"

बोलला आणि जीभ चावली. कारण समोरच्या टेबलाशी ताई पाठमोरी बसली होती.

मी उठले आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिले. वायूची बारीक शीळ चालू होती, तिला माझी चाहूल लागली नाही. ती सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. पाटीवर झोपलेल्या माश्यांचे दोन ढीग. कुंचल्याने एकेक माशी उलटी करायची, पोट बघायचं, आणि डावीकडे नाही तर उजवीकडे सरकवायची. डावीकडच्या नव्या नळीत गेल्या. उजवीकडच्यांच्या पोटात काळे ठिपके होते, मला नुसत्या डोळ्यांनीही ते कळत होतं. त्या विहिरीत गेल्या.

"ताई, काय करतेयस?"

"माश्या बदलतेय," ती मान वर न करता म्हणाली.

"डावीकडच्या कुठल्या आणि उजवीकडच्या कुठल्या?"

"डावीकडच्या चांगल्या."

मी तिला कधीही निवडायला सांगितलं नव्हतं. निवडू नकोस असंही सांगितलं नव्हतं, कारण कोणी निवडेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या पोराटोरांनासुद्धा हे सांगावं लागत नाही. हाताला येतील त्या उचलायच्या, कोण एवढे कष्ट घेतो? आळशी माणसाने माझं वाण टिकवलं असतं. कष्टाळू माणसाने घालवलं.

माझा पारा चढला तो चढलाच. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. "इथे काय प्रुफं तपासतेस का, चुका काढून स्वच्छ प्रत पुढे पाठवायला? आम्हाला चुकाच हव्यात, चुकांसाठीच पाळल्यात त्या," हे नक्की म्हणाले. "या मुलाची सगळी मेहनत विहिरीत घातलीस," हेही म्हणाले. शंकासुरासमोर. ताईने ऐकून घेतलं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला, त्याच्यावर टोपी घातली, कुंचला धुऊन जागेवर ठेवला, पर्स उचलली आणि गेली.

"एवढं ओरडायला नको होतं, मॅडम," शंकासुर म्हणाला.

"तू मला शिकवू नकोस."

"बरं." तो पाटीकडे वळला. मग त्याला राहवेना. "पण बघा ना. दोष सगळ्यांत आहे. तरी गाठी नाहीत. म्हणजे त्यांच्यात दुसरं काहीतरी आहे जे दोषाला आवरून धरतं. आधी ते वाणात विखुरलेलं असणार, कोणात थोडं, कोणात जास्त. ताईंनी पिढ्यान् पिढ्या ते वेचून एकत्र आणलंय. आपण ठरवून केलं असतं तर कंटाळून सोडून दिलं असतं."

त्याचा चेहरा उजळला होता. प्रबंध बुडाला होता आणि हा खुशीत. मी म्हटलं, आत्ता माझ्या डोक्यात काही शिरत नाही, तू मूळ वाण दुसऱ्या प्रयोगशाळेतून मागव, बाकीचं उद्या. आणि लवकर घरी निघाले.

ताई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. उन्हं अजून खिडकीत होती. मी समोर बसले आणि मीही शेंगा सोलायला घेतल्या. माफी मागणं माझ्या जिवावर येतं, हे तिला माहीत आहे. ती तेवढ्यात समजून घेते. पण त्या दिवशी तिने वर बघितलं नाही.

"मी सवयीने नाही केलं," ती म्हणाली. "तू म्हणालीस ना, प्रुफं. तसं नाही ते."

"मग?"

"पहिल्या दिवशी तू मला दाखवलंस, या बघ गाठी. मी बघितल्या. मग तू म्हणालीस, यातल्या थोड्या नव्या नळीत टाक, त्यांना पिल्लं होतील." ती थांबली. "मला ते जमेना. पोटात गाठ असलेली उचलून तिला म्हणायचं, जा, तुला मुलं होऊ देत. माझा हात पुढे होईना. म्हणून दुसऱ्या शोधल्या. तेवढ्यापुरतंच करणार होते. मग प्रत्येक वेळी."

इतके महिने मी तिच्यापासून दोन हातांवर बसत होते. तिचा हात किती स्थिर आहे म्हणून कौतुक करत होते.

"मला वाटलं, चांगल्या-चांगल्या पुढे गेल्या की एक दिवस ते संपूनच जाईल त्यांच्यातून," ताई म्हणाली. "गेलं ना? शंकासुर म्हणत होता, गाठी नाहीत."

इथे मला मोह झाला. खरं सांगते, फार मोठा मोह झाला. 'गेलं' म्हणावं आणि मोकळं व्हावं. नाही तर निदान असं म्हणावं की बघ, दोष असूनही गाठ होत नाही, तसंच ठेंगूचंही असेल, चल, रक्त दे. ती कदाचित तयार झाली असती. पण माशीवरून माणसाचं भाकीत केलं म्हणून मी विद्यार्थ्यांना फाडून खाते, आणि सख्ख्या बहिणीला तेच विकू?

"गेलं नाही," मी म्हटलं. "दोष आहे तिथेच आहे. आम्ही वाचून बघितला. डावीकडच्यांतही आहे आणि उजवीकडच्यांतही."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत. तू निवडलंस त्याने एवढंच झालं की दोष असूनही ज्यांना गाठ होत नाही अशा एकत्र आल्या. त्यांच्यात काहीतरी आहे जे त्याला आवरतं. काय, ते अजून माहीत नाही."

"मग ठेंगूमध्ये ते आवरणारं असेल?"

"माहीत नाही, ताई. ठेंगू माशी नाही. ठेंगूमध्ये मुळात दोष आहे की नाही तेच आपल्याला माहीत नाही. माशीला आपल्या पोटात काय आहे ते कळत नाही, तिला दवाखाना नाही. ठेंगूला आहे. तुझी गाठ लवकर सापडली म्हणून तू इथे बसलीस. आईची सापडली नाही."

ताई उठली, नळ सोडला, विनाकारण हात धुतले आणि परत येऊन बसली. मग ते वाक्य बोलली, ज्याच्यासाठी मी तिच्याशी इतकं भांडले होते आणि जे मला इतक्या भांडणांत एकदाही ऐकू आलं नव्हतं.

"माझ्यात निघालं तर तिला मीच दिलं असं होईल. तिला कुठल्या तोंडाने सांगू? दागिने दिले, शिक्षण दिलं, आणि हेही दिलं?"

"तुला आईने दिलं असणार," मी म्हटलं. "आईचा कधी राग आला तुला?"

"आईचा? वेडी आहेस का?" ताई एकदम म्हणाली, अगदी जुन्या आवाजात, मी लहानपणी तिची वही फाडली तेव्हा असायचा त्या आवाजात. आणि मग तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात मी फार कमी वेळा योग्य क्षणी गप्प बसले आहे.

शेंगा संपल्या. ताईने टरफलं गोळा केली. म्हणाली, "सोमवारी जाऊ. पण आधी मी ठेंगूला सांगणार. तिला दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. तुझ्याकडून तर नाहीच, तू ओरडत सांगशील."

रविवारी सकाळी तिने फोन लावला. त्याआधी दोन दिवस ती बोलायची तयारी करत होती. कपडे वाळत घालताना पुटपुटताना मी तिला पकडलं होतं. मला म्हणाली, इथेच बस, पण मध्ये बोलू नकोस. मी हातात पेपर घेऊन बसले आणि एक ओळ वाचली नाही.

सुरुवात तिने छान केली. आधी हवापाणी, मग काम कसं चाललंय, पुलावर चढताना दोर नीट बांधतेस ना. मग म्हणाली, "बाळा, मला तुला एक सांगायचंय. रागावू नकोस. खरं तर मी आधीच सांगायला हवं होतं." आणि तिने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, तपासणी काय असते, आपण इतके दिवस का टाळलं. एका दमात, कुठेही न अडखळता. शेवटी म्हणाली, "उद्या मी रक्त देणार आहे. काही निघालं तर तुलाही करावी लागेल. मी तुझ्याबरोबर येईन."

पलीकडून ठेंगू काहीतरी म्हणाली. फार लांब नव्हतं ते. मला ऐकू आलं नाही, पण ताईचा चेहरा मला दिसत होता.

"कधी?" ताईने विचारलं.

पलीकडे बोलणं चालू होतं.

"म्हणजे माझे केस गेले होते तेव्हा?" ताई म्हणाली. "तेव्हाच?"

मी पेपर खाली ठेवला. ताईने माझ्याकडे बघितलं आणि फोनवर हात न ठेवताच मला म्हणाली, "हिने केलीय. केव्हाचीच. डॉक्टरांना स्वतःच विचारून केली." मग परत फोनमध्ये, हळू आवाजात, "मग? काय निघालं?"

तिने डोळे मिटले. मला कळलं. त्या घरात त्या क्षणी सगळंच कळलं, ताईचं, ठेंगूचं, आईचं, आणि माझ्या त्या अर्ध्या 'काही नाही'चंही. मी सुटले होते आणि त्या दोघी नव्हत्या. मला माझीच भयंकर लाज वाटली, ज्यात माझा काही हात नव्हता त्याची.

"ठीक आहेस ना पण?" ताई विचारत होती. "आत्तापर्यंत सगळं स्वच्छ आहे ना? ... वर्षातून दोनदा. बरं. बरं. ... मला का नाही सांगितलंस? ... अगं, पण मी आई आहे ना तुझी. ... नाही. नाही, मी रडत नाहीये. ... एकटी जातेस?"

मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मध्येच एकदा "हं" म्हणाली. शेवटी म्हणाली, "पुढची कधी आहे? ... मी येते. ... नाही, ते काही मला सांगू नकोस, मी येते म्हणजे येते." आणि फोन ठेवला.

बाहेर कोणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं, प्रत्येक पायरीवर घंटा वाजत होती. ती खाली पोचेपर्यंत ऐकू येत राहिली.

"मी खचेन म्हणून नाही सांगितलं, म्हणते," ताई म्हणाली. "मी स्वतःला दोष देईन म्हणून."

"हं."

"तपासणीला गेलं की विचारतात म्हणे, यंत्राच्या खोलीत नेण्याआधी. बरोबर कोण आहे? कोणीतरी लागतं बरोबर." तिने फोन उगाच उलटा केला, सुलटा केला. "ही दर वेळी सांगते, आई आलीय, खाली गाडी लावतेय."

मी फोन तिच्या हातातून काढून बाजूला ठेवला.

"मला गाडी चालवता तरी येते का," ताई म्हणाली, आणि रडायला लागली. ऑपरेशनच्या वेळी नाही, केस गेले तेव्हा नाही, त्या दिवशी रडली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि या वेळी मीही रडले.